दारूखाना
दारूखाना : बंदुकीची व तोफेची दारू, बाण, होके (दारू भरलेले फेकायचे गोळे) वगैरे स्फोटक सामान ठेवण्याची लष्करी जागा आणि तिची देखरेख करणारे खाते. मराठी राज्यव्यवहारातील अठरा कारखान्यांत याची गणना होते. ही दारू पिण्याची नव्हे, हे हिंदी मुलखात समजावून सांगावे लागते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शेजाऱ्यांशी बोलताना ‘बारूद’ आणि घरात ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ असे दोन्ही शब्द सुखाने नांदतात.

दारूत साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. आगीची धास्ती कोणालाही कळते. दारूखान्यावरच्या माणसाचा रोजचा वैरी मात्र ओल. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात राहिलेले मीठ आणि चुन्याचे क्षार हवेतले पाणी ओढतात, दारूच्या गुठळ्या होतात आणि ऐन वेळी बार फुसका जातो. दारू नुसती भुकटीच्या रूपात असली तर गाडीच्या हादऱ्यांनी तिचे घटक सुटे होऊन थरही बसतात. दाणेदार दारूचा चलन वाढला त्याचे हे एक कारण.

म्हणूनच आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथातल्या दुर्गप्रकरणात दारूखान्याबद्दल आलेल्या सूचना आजही एखाद्या कोठार-अधिकाऱ्याने वाचाव्यात इतक्या रोखठोक आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नको. सदरेपासून दूर बांधावा आणि भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. खाली गच्च तळघर, त्यात माच (लाकडी मांडणी), माचावर दारूची मडकी. बाण व होके मधल्या घरात. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने, म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्याने, स्वतः येऊन सामान बाहेर काढावे, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी. पहारा रात्रंदिवस, परवानगीवाचून कोणी फिरकता कामा नये. यातली खरी मेख मुद्रेत आहे. एकदा उन्हे दिली की मोहोर पडते, आणि मधे कोणी हात घातला तर ती मोडलेली दिसते. वाळवणे आणि हिशेब असे एकाच फेरीत उरकते. गडावर जमाखर्चासाठी सबनीस आणि धान्य-सामानासाठी कारखानीस वेगळे असत; पण दारूला ऊन द्यायला हवालदारानेच यायचे, खालच्या माणसावर सोडायचे नाही.

ग्वाल्हेरला हे खाते शहराच्या अंगातच मुरलेले आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला तो उठलाच नाही, आणि छावणीचे ‘लष्कर’ हे नाव शहराला चिकटले. कंपू, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ ही मोहल्ल्यांची नावे त्याच तळाची. जिन्सी नाला हेही तसेच. जिन्सी म्हणजे जड तोफा आणि त्यांचा सरंजाम. इंदूरलाही होळकरांच्या काळापासून जिन्सी आहे. आज तिथे भाजी घ्यायला जाणाऱ्याला तोफांची आठवण असण्याचे कारण नाही.

महादजी शिंद्यांच्या काळात त्यांच्या पदरच्या द बॉइन्या या युरोपीय सेनानीने कवायती पलटणी उभारल्या आणि खर्च होणाऱ्या दारूचे मान बदलले. कवायती पायदळ बार काढते ते मोजून आणि सतत. गडावरच्या मडक्यांचा साठा त्याला पुरणारा नव्हता. आग्र्याला तोफा ओतण्याचा आणि शस्त्रे बनवण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकने आग्रा घेतले तेव्हा शिंद्यांच्या हातून किल्ल्याबरोबर पुरवठ्याचे मूळही गेले. लढाईच्या वर्णनांत ही बाब एका ओळीत उरकतात, ते बरोबर वाटत नाही.

साठा शाबूत असून हातचा जाण्याचा दाखला ग्वाल्हेरातच आहे. १८५७ च्या उठावात, १ जून १८५८ ला, ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांचे बहुतेक सैन्य तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणीकडे फिरले. किल्ला, खजिना आणि शस्त्रागार फारशा लढाईवाचून त्यांच्या ताब्यात आले. दारू कोरडी होती की नाही याला त्या दिवशी अर्थ नव्हता. पहारेकरीच फिरले होते. इंग्रजांनी त्याच महिन्याच्या २० तारखेला किल्ला परत घेतला आणि १८८६ पर्यंत स्वतःकडे ठेवला.

आजचे धोकादायक सामान वेगळे आहे. ग्वाल्हेरजवळ झाशी रस्त्यावरील टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७६ पासून अश्रुधुराची नळकांडी बनतात. शहरात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची डीआरडीई ही प्रयोगशाळा रासायनिक आणि जैविक शस्त्रांपासून बचावाचे संशोधन करते. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली तिच्याभोवती २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि आधीच उभ्या असलेल्या इमारतींचे काय करायचे यावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. दारूखाना घरांजवळ नसावा हे जुने कलमच. फरक इतकाच की इथे घरे दारूखान्याजवळ आली.