‘हॅलोजन’ या एका शब्दाखाली दडलेले चार दिवे

नागपूरच्या महाल भागातल्या चिटणीस पार्कवर रात्रीची कबड्डी. चढाईपटू बोनस घेऊन वळतो, कोपरारक्षक घोट्याला हात घालतो आणि त्या दीड सेकंदात कॅमेरा बारा फ्रेम टिपतो. डोळ्यांना मैदानावरचा उजेड जराही हललेला दिसत नाही. फोटो उघडून पाहावे तर एक फ्रेम लख्ख, दुसरी मळकट, तिसरी पुन्हा लख्ख, चौथीत खालचा तिसरा हिस्सा तांबूस. शटर, ॲपर्चर, आयएसओ हे फोटोचा उजेड ठरवणारे तिन्ही आकडे हाताने पक्के केलेले असतात. तरीही हवी असलेली पकड नेमकी मळकट फ्रेममध्ये सापडते.

अशा वेळी पहिला संशय कॅमेऱ्याच्या मीटरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेवर जातो, आणि फिल्मच्या काळात तो रास्तही होता. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक झाली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. तेव्हा रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या. सेकंदाला पाच फ्रेमची मोटर लावली तर सात सेकंदांत रोल संपे. पण उजेड एकच, विदर्भातलं ऑक्टोबरचं ऊन. गवतावर एकदा मीटर धरायचा, आकडे पक्के करायचे, स्टँडची सावली खेळपट्टीकडे सरकली की पुन्हा मोजायचं. घोटाळा केला तो मीटरच्या हुशारीने. १९८३ मध्ये निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात चित्राचे अनेक भाग वेगवेगळे मोजणारा मीटर आला आणि पुढे हीच पद्धत सगळीकडे गेली. गोलंदाजामागे पांढरा साइटस्क्रीन असला की फ्रेम काळवंडे, मागे प्रेक्षकांची गर्दी आली की उजळे. त्यातून ‘मॅन्युअलवर टाक’, म्हणजे मीटरवर न सोडता आकडे हातानेच पक्के कर, हा धडा घट्ट झाला. उन्हातल्या खेळासाठी तो आजही बरोबर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली, तेव्हाही पांढऱ्या कपड्यांनी मीटर फसत होता आणि मॅन्युअलने भागत होतं.

रात्रीच्या मैदानावर मात्र मॅन्युअलवर टाकूनही फ्रेम बदलतात, कारण तिथे उजेडच बदलत असतो. हे उमगायला उशीर लागला. माझ्या मते त्यात मोठा वाटा एका शब्दाचा आहे: हॅलोजन.

नागपुरात मैदानावर खांब रोवून जे काही लावलं जातं ते हॅलोजन. मंडपवाला हॅलोजन लावतो, मंडळाचा कार्यकर्ता हॅलोजन सांगतो, बिलातही ‘हॅलोजन, इतके नग’ असंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात या नावाखाली चार वेगळे दिवे येऊन गेले. लग्नात व्हिडिओवाल्याच्या हातातला १००० वॅटचा, तोंडावर आला की घाम फोडणारा दिवा, तो खरा हॅलोजन. त्यात तापलेली तार असते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. पण जाड तार तेवढ्या वेळात थंडच होत नाही, त्यामुळे उतार नगण्य. दुसरा पिवळा सोडियमचा, रस्त्यावरचा. तिसरा पांढरा मेटल हॅलाइड. नावात हॅलाइड, म्हणून तोही हॅलोजनच झाला. या दोघांत तार नाही, पेटलेला वायू आहे, आणि साध्या चोकवर (दिव्याचा प्रवाह आवरणाऱ्या वेटोळ्यावर) तो विजेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर भडकतो नि मंदावतो. उजेडासोबत रंगही बदलतो. फ्रेमचा तो तांबूस हिस्सा इथून येतो. चौथा एलईडी, त्याचं गणित वेगळं.

म्हणूनच ‘हॅलोजनखाली काहीच झालं नाही’ सांगणारा आणि ‘हॅलोजनखाली सगळा बर्स्ट (एका दमात टिपलेली फ्रेमची मालिका) वाया गेला’ म्हणणारा, दोघेही खरं बोलत असत. वाद दिव्यांचा होता, भांडण कॅमेऱ्यांवरून व्हायचं. कुणी बॉडी दुरुस्तीला टाकली, कुणी ब्रँड बदलला.

बारकावा पाहू. उजेडाचा एक चढउतार दहा मिलिसेकंदांचा. १/८०० सेकंदाचं शटर त्यातला जेमतेम आठवा भाग उचलतं. तो शिखरावरचा की दरीतला, हे नशिबावर. कॅमेरा सेकंदाला आठ फ्रेमचा असेल तर दोन फ्रेमांत १२५ मिलिसेकंद, म्हणजे साडेबारा चढउतार. त्या अर्ध्यामुळे पहिली फ्रेम शिखरावर पडली की दुसरी दरीत आणि तिसरी पुन्हा शिखरावर. दहा फ्रेमच्या कॅमेऱ्यात हिशेब पूर्ण दहा चढउतारांचा, त्यामुळे तिथे एकाआड एक फरक दिसत नाही, सगळी मालिका हळूहळू काळवंडत किंवा उजळत जाते. त्यात शटरच्या पडद्यांना चौकट ओलांडायला तीन-चार मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात उजेड उतरला की एकाच फ्रेममध्ये दोन रंग.

जुना उपाय १/१०० सेकंदाच्या शटरचा. एक पूर्ण चढउतार पोटात घेतला की सगळ्या फ्रेम सारख्या. पण १/१०० ला कबड्डीपटूचे हात नुसते ओघळ होतात, आणि १/२०० वर गेलात की मूळ दुखणं परत.

खरा इलाज मैदानावरच होता, तारांच्या जोडणीत. मोठ्या स्टेडियममध्ये शेजारशेजारचे दिवे विजेच्या तिन्ही फेजवर, म्हणजे ज्यांचे ठोके एकामागोमाग पडतात अशा तीन तारांवर वाटतात. एक मंदावतो तेव्हा दुसरा चढत असतो, बेरीज जवळपास सपाट राहते. गल्लीतल्या स्पर्धेत मात्र जवळच्या विजेच्या मीटरवरून एक फेज ओढली की झालं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी वायरमनला दिवे तीन फेजवर वाटायला सांगितलं असतं, तर शेकडो चांगल्या पकडी वाचल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. वर मध्येच लाईन गेली की मेटल हॅलाइड निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. आणि पेटला तरी पहिली काही मिनिटं रंग जागेवर येत नाही.

कॅमेऱ्यांनी दखल घेतली ती २०१४ मध्ये. कॅननच्या ७डी मार्क २ मध्ये उजेडाचे ठोके ओळखून शटर शिखरावरच उघडण्याची सोय आली. बर्स्टचा वेग किंचित घटतो, पण फ्रेम जुळतात. पुढे इतर कंपन्यांनीही ती आणली. इथे ती अनेकांच्या कॅमेऱ्यात मेनूत बंद पडून राहिली, कारण दोष मीटरचाच हा समज कायम होता.

तोवर खांबांवर एलईडी चढू लागले. चांगला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असलेला एलईडी स्थिर असतो. स्वस्तातला मात्र तेच १०० ठोके देतो, आणि तार नसल्यामुळे पार खाली उतरतो. मंद करता येणारे काही दिवे आणि सीमारेषेवरचे जाहिरात फलक तर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडझाप करतात. पडद्यांऐवजी चौकट ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर त्यांचे आडवे पट्टे उमटतात. २०२१ मध्ये सोनी ए१ आणि कॅनन आर३ यांनी शटरचा आकडा अगदी बारीक पावलांनी जुळवून पट्टे घालवण्याची सोय दिली, आणि २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सोनी ए९ ३ मध्ये सगळी चौकट एकाच क्षणी वाचली जाऊ लागली. पट्टे गेले. फ्रेमागणिक फरक मात्र याने आपोआप जात नाही; दिवाच मंद असताना फ्रेम पडली तर ती मंदच येते.

मंडपवाल्याच्या बिलात आजही हॅलोजनच लिहून येतं. त्यामुळे सामन्याआधी फोनचा स्लो मोशन व्हिडिओ सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवून प्रत्येक खांबाकडे धरावा लागतो. लुकलुकतो तो खांब कुठला, ते पाहून बसायची बाजू ठरते.