तार-मण्यांचे दागिने (बडोदे)

तांबे, पितळ किंवा चांदीच्या बारीक तारेत मणी ओवून आणि ती तार हातानेच वळवून केलेले दागिने. यात डाख द्यावा लागत नाही, भट्टीही लागत नाही. एक गोल टोकाची पक्कड, एक चपटी पक्कड, कटर आणि बारीक कानस एवढ्यावर घरच्या टेबलाशी काम सुरू करता येते.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत गायकवाडी काळापासून मराठी वस्ती आहे. तिथल्या घरांत हे काम अनोळखी वाटू नये. नथ म्हणजे सोन्याच्या तारेत मोती ओवून, बारीक तारेच्या वेढ्यांनी घट्ट बांधलेला दागिनाच. संक्रांतीला नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करणाऱ्या हातांनाही बारीक दाणे ओळीत बसवण्याची सवय असते. मोत्यांच्या कामाचा शहरातला सर्वांत मोठा दाखला मात्र राजवाड्यातला : खंडेराव महाराजांनी सुमारे १८६५ मध्ये करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा. बसऱ्याचे मोती आणि रंगीत काचमणी वापरून केलेले हे भरतकाम २००९ मध्ये दोहा येथील लिलावात विकले गेले.

मण्यांच्या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. अकीकाच्या मण्यांसाठी हजारो वर्षे प्रसिद्ध असलेले खंबात इथून सुमारे ८० किमीवर आहे. त्यासाठीचा दगड मुख्यतः भरूच जिल्ह्यातील झगडियाजवळच्या रतनपूर परिसरातून येतो. तो भाजला की त्यातल्या लोहामुळे तपकिरी छटा लाल होते. मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडतात. ती भोके आत नेमकी समोरासमोर आली नाहीत, तर जाड तार मध्येच अडते. म्हणून अकीक विकत घेताना तारेचा तुकडा सोबत न्यावा आणि दुकानातच ओवून पाहावा. नवख्याने आधी काचमण्यांवर हात बसवलेला बरा.

तारेचा गेज (जाडी सांगणारा क्रमांक) जितका मोठा, तितकी तार बारीक. कानातल्या आकड्याला २० गेजची (सुमारे ०.९ मिमी) आणि वेढ्यांना २६ गेजची (सुमारे ०.४५ मिमी) तार चालते. बडोद्याच्या परिसरात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने असल्याने वाइंडिंगची तांब्याची तार इथे सहज मिळते. सरावाला महागड्या तयार संचापेक्षा ती कितीतरी चांगली. तिच्यावरचा इनॅमलचा थर शाबूत असेपर्यंत ती काळवंडतही नाही. पकडीच्या दातांनी मात्र हा थर खरवडतो, त्यासाठी गुळगुळीत जबड्याची पक्कड घ्यावी.

दागिना टिकतो तो कडीवर. मण्याच्या वर सुमारे २ मिमी तार सरळ सोडून ती काटकोनात वळवायची, गोल पकडीच्या टोकाभोवती फिरवून कडी करायची आणि उरलेले शेपूट त्या सोडलेल्या जागेत दोन-तीन वेढ्यांनी गुंडाळायचे. शेवटचे टोक चपट्या पकडीने आत दाबावे, नाहीतर ओढणीचा धागा त्यात हमखास अडकतो. तांबे वारंवार वाकवले की कडक होते आणि तिथेच मोडते, त्यामुळे फसलेली कडी उलगडत बसण्यापेक्षा नवा तुकडा घेणे शहाणपणाचे. जोडकडी (दोन भाग जोडणारी सुटी कडी) उघडताना तिची टोके एक पुढे, एक मागे सरकवावीत. बाजूला फाकवली तर ती पुन्हा नीट गोल होत नाही.

या कामाची खरी परीक्षा नवरात्रात होते. त्या सुमारास मंगळ बाजार गरब्याच्या दागिन्यांनी भरून जातो आणि घरी केलेले झुमके, कंबरपट्टेही बाहेर निघतात. रात्री तास न् तास गरबा खेळताना नुसती वळवलेली, वेढे नसलेली कडी ताणाने उघडते आणि मणी मैदानात विखुरतात. गरब्यासाठीच्या प्रत्येक जोडाला वेढे हवेतच. घामाने उघड्या तांब्याचा हिरवा डाग त्वचेवर उमटतो, पण तो धुतला की जातो. निकेलचे तसे नाही : त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या कानाला खाज सुटते, पुरळ उठते. कानातला आकडा चांदीचा केला तर बहुतेकांना हा त्रास होत नाही.

तांबे काळे पडले की चिंच किंवा लिंबू लावण्याची घरोघरची रीत आहे. दागिन्यात खरे मोती असतील तर ती टाळावी. मोत्यातले कॅल्शियम कार्बोनेट आम्लाने झिजते आणि गेलेले पाणी परत येत नाही. असा दागिना मऊ, कोरड्या कापडानेच पुसावा.