जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचे खंजीर : संग्रह आणि पारख

जर्मन भूदल, नौदल व हवाई दलातील अधिकारी गणवेशावर कमरेला जो आखूड खंजीर लावत, तो मुख्यतः शोभेचा आणि हुद्द्याची खूण म्हणून असे. बहुतेक पात्यांना धारही लावलेली नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस असे हजारो खंजीर दोस्त राष्ट्रांच्या, विशेषतः अमेरिकी, सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेले. आजचे संग्रह बऱ्याच अंशी त्यांतूनच उभे राहिले.

तिन्ही दलांत नौदलाची परंपरा जुनी. कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळात मुठीच्या माथ्यावर शाही मुकुट असे; राजेशाही गेल्यावर १९२९ च्या नमुन्यात ज्वाळेच्या आकाराचा माथा आला आणि १९३८ मध्ये नाझी स्वस्तिक धरलेला गरुड. माथा पेचाचा असल्याने अनेक अधिकाऱ्यांनी जुना खंजीर तसाच ठेवून फक्त माथा बदलून घेतला. त्यामुळे जुन्या पात्यावर नवा गरुड दिसला, तर तो लगेच बनावट ठरत नाही. नौदलाच्या पात्यांवर नांगर आणि शिडाचे जहाज कोरलेले आढळते. भूदलाचा नमुना १९३५ चा. त्याचे पाते सहसा कोरे. हवाई दलाच्या पहिल्या नमुन्याची मूठ आणि म्यान निळ्या चामड्याने मढवलेले होते. १९३७ मध्ये दुसरा नमुना आला.

जवळपास सगळे खंजीर जर्मनीतल्या झोलिंगेन या शहरात घडले. पाती घडवण्याची तिथली परंपरा मध्ययुगापासूनची. मराठ्यांच्या फिरंग तलवारींना युरोपातून आलेली पाती बसवत, त्यांत जर्मन पातीही असत. पात्याच्या बुडाशी कारखान्याची खूण असते : आइकहॉर्न कारखान्याची खार, व्हेकेसेचे (WKC) शिरस्त्राणधारी योद्ध्याचे डोके, प्यूमा कारखान्याचे प्यूमा या रानमांजराच्या कुळातील प्राण्याचे मुंडके, हॉलरचा तापमापक. आल्कोझोची खूण तराजू. ‘आल्कोझो’ म्हणजे अलेक्झांडर कोपेल, झोलिंगेन. ही पेढी एका ज्यू कुटुंबाची होती. नाझी राजवटीत ती त्यांच्या हातून गेली, आणि त्याच नावाचे वारस डॉ. अलेक्झांडर कोपेल १९४२ मध्ये थेरेझिएनस्टाट येथील नाझी छावणीत मरण पावले. स्वस्तिकाचा गरुड आणि कोपेल घराण्याचा तराजू एकाच खंजिरावर असतो. अशा संग्रहांतील कोणत्याही दुर्मीळ नमुन्यापेक्षा ही गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खरा प्रश्न अस्सलपणाचा. युद्धानंतर कारखान्यांत उरलेले सुटे भाग जोडून खंजीर विकले गेले, पुढे पूर्ण नकलाही बनल्या. विक्रेता सैनिक आजोबांची हकीकत सांगतो. पारखी मात्र वस्तूकडे पाहतो. माथा फिरवून काढला की मूठ, आडवी दांडी आणि पात्याच्या खांद्याशी बसवलेली चामड्याची चकती सुटी होतात. तिथे साचलेला जुना मळ, गंज आणि भागांची एकमेकांशी जमलेली बसण बरेच काही सांगते. पांढऱ्या सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) मूठ वयानुसार पिवळी, कधी नारिंगी होते. माथा, आडवी दांडी अशा भागांचे धातू सुरुवातीला चांगले होते, नंतर जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा चढवू लागले; त्यावर आलेले फोड उशिराच्या निर्मितीचे लक्षण आहे. मुठीला बांधलेला रुपेरी दोरीचा गोंडा मात्र सहज बदलता येतो, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये.

जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला आणि इतिहासाचे प्रतिपादन यांना सवलत आहे. म्हणूनच तिथल्या लिलावांच्या चित्रांत स्वस्तिक झाकलेले दिसते.

जतन करताना धातू घासून चकचकीत करणे ही सर्वांत मोठी चूक. मूळ मुलामा एकदा गेला की परत येत नाही. चामड्याच्या म्यानात पाते वर्षानुवर्षे ठेवले तर ते गंजते. सेल्युलॉइडचे विघटन होताना निघणारी आम्लधर्मी वाफही धातू खाते. म्हणून असे खंजीर हवाबंद पेटीत न ठेवता, पाते म्यानाबाहेर काढून, कोरड्या आणि हवा खेळत्या कपाटात ठेवतात.