ओके आला कुठून?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असतात. व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कटकन मोडतो, आतला रंग उजेडाला धरून बघतो. भाव चढत चढत एका आकड्यावर थांबतो. अडत्या शेतकऱ्याकडं बघतो. शेतकरी म्हणतो, "ओके." पूर्वी इथं नुसतं "चालतंय की" आलं असतं. आजही येतं, पण ओकेच्या पाठोपाठ.

या शब्दाची जन्मतारीख सापडलेली आहे. २३ मार्च १८३९ रोजी बोस्टन मॉर्निंग पोस्ट या अमेरिकी दैनिकात तो छापून आला. सोबत अर्थही होता: ऑल करेक्ट, म्हणजे सगळं बरोबर. मग आद्याक्षरं ए आणि सी हवीत ना? खरी गंमत तिथंच आहे. तिथल्या पत्रकारांत तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग धरून लघुरूपं करायची टूम निघाली होती. all correct चं केलं oll korrect, म्हणून ओ. के. ऑल राइटचंसुद्धा त्यांनी oll wright धरून ओ. डब्ल्यू. करून टाकलं होतं!

ती टूम विरली. ओके तगला तो निवडणुकीमुळं. १८४० साली अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे राहिले. गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव ओल्ड किंडरहूक. समर्थकांनी ओके क्लब काढले. ब्युरेन पडले, पण तोवर शब्द देशभर पोचला होता.

पुढं त्याच्याभोवती कहाण्या जमल्या. कुणी तो ग्रीक 'ओला काला'वरून आला म्हणालं, कुणी चोक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेतून. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांतून पुरावे गोळा केले आणि १९६३-६४ मध्ये लेख लिहून बोस्टनचा माग पक्का केला. मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं. उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असं होत नाही. शब्द आधी कुठं आणि कोणत्या अर्थानं लिहिला गेला, ते दाखवावं लागतं.

आणि अर्थ? ओके म्हणणारा खूश आहे असं नाही. त्याची हरकत नाही, एवढंच. 'बरं' म्हणताना आवाज जरा ओढला, की नाराजी लपत नाही. तुटक 'ओके'त ती सहज झाकली जाते. यार्डातल्या त्या शेतकऱ्याला भाव मनासारखा मिळाला का, हे त्याच्या ओकेवरून कळत नाही. अडत्या आकडा टिपून घेतो आणि पुढच्या ढिगाकडं वळतो.