टाचणीच्या अंड्यात वाढणारी गांधीलमाशी

इंदूरच्या पश्चिमेकडील होळकरकालीन सिरपूर तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, आणि तेथे जाणाऱ्यांची नजर साहजिकच पक्ष्यांकडे असते. काठावरच्या पाणवनस्पतींवर जोडीने बसणाऱ्या टाचण्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. टाचणी ही चतुराची सडपातळ बहीण. बहुतेक चतुर पाण्यावर शेपटी टेकवत अंडी सोडून मोकळे होतात. टाचणीची मादी मात्र धारदार अंडनलिकेने देठ चिरून एकेक अंडे आत खुपसते, आणि त्यासाठी कित्येकदा स्वतः पाण्याखाली उतरते.

देठात लपलेले हे अंडे माशांच्या तोंडी सहसा लागत नाही, परंतु एक मिलिमीटरही न भरणाऱ्या परजीवी गांधीलमाशीला ते सापडते. टाचणीच्या अंड्याला भोक पाडून ती आपले अंडे आत घालते. तिची अळी तेथील पोषण फस्त करते, तेथेच कोष होतो, आणि टाचणीच्या पिल्लाऐवजी पंखांची गांधीलमाशी बाहेर पडते.

अशी एक जात, हायड्रोफिलिटा अक्विव्होलान्स, १९१२ साली अमेरिकेत इश्नुरा या टाचणीच्या अंड्यांतून नोंदवली गेली. इश्नुराच्या जाती आपल्याकडच्या तळ्यांवरही सर्रास आढळतात. हायड्रोफिलिटा ज्या कुळातली, त्याच कुळातल्या ट्रायकोग्रामाची कार्डे (या माशीची पिल्ले वाढत असलेली अंडी चिकटवलेले कागद) ऊस उत्पादक खोडकिडीविरुद्ध शेतात लावतात.

खरे नवल पाण्याखालच्या हालचालीचे आहे. निसर्ग अभ्यासक जॉन लबक यांना १८६२ साली इंग्लंडमध्ये तळ्याच्या पाण्यात पंखांनी पोहणारी एक परी-माशी, म्हणजे अशीच एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी दिसली, तेव्हा पंखांचे कीटक असे पोहतात हे कोणाला ठाऊक नव्हते. तिचे यजमान, म्हणजे ज्यांच्या अंड्यांत ती वाढते ते, पाणभुंगे, टाचण्या नव्हेत. पण युक्ती तीच. इतक्या लहान जिवाला पाणी मधासारखे दाट भासते, त्यामुळे अरुंद, केसाळ झालरीचे पंख तेथे वल्ह्यांचे काम देतात. विरघळलेला प्राणवायू त्वचेतूनच आत येत असल्याने श्वासासाठी वर येण्याची घाईही नसते.

अंडी शोधत हिंडण्यापेक्षा अंडी घालणारीलाच गाठणे सोपे, आणि तैवानमधील हायड्रोफिलिटा एम्पोरोस नेमके तेच करते. तिच्या माद्या टाचणीच्या अंगाला चिकटून प्रवास करतात आणि टाचणी अंडी घालू लागली की उतरून त्याच ताज्या अंड्यांकडे वळतात.