पॅरामेडिकसाठी रुग्णतपासणी आणि ई-नोंदीचं प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

रुग्णवाहिकेत कागदी फॉर्म जाऊन टॅब आला, तरी रुग्ण तपासायचा तो डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनीच. म्हणून तपासणी आणि इलेक्ट्रॉनिक नोंद एकत्र शिकवणारं प्रशिक्षण निवडा. फक्त सॉफ्टवेअर शिकवणारा वर्ग पुरेसा नाही, असं माझं ठाम मत आहे. नियम संस्थेनुसार थोडेफार बदलतात, पण अर्ज अडतो तो बहुधा त्याच दोन-तीन कारणांनी.

पात्रता सरळ आहे. पॅरामेडिकचा किंवा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा मूळ अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा आणि जिथे नोंदणी किंवा परवाना सक्तीचा आहे तिथे तो चालू असावा. बीएलएस, म्हणजे जीवरक्षक प्राथमिक उपचारांचं कार्डही मुदतीत लागतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं. अर्ज भरताना मुदत शिल्लक असते आणि वर्ग सुरू होईपर्यंत ती संपते, असं होऊ देऊ नका. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाची तारीख धरूनच कार्ड तपासा. टायपिंगचा वेग सहसा कोणी विचारत नाही, त्यामुळे त्या भीतीने मागे राहू नका.

कागदपत्रांत फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, नोंदणी किंवा परवान्याची प्रत, बीएलएस कार्ड आणि नोकरीत असाल तर वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं. प्रशिक्षणात रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष काम असेल, तर हिपॅटायटिस बी लसीकरणाचा पुरावा आणि गोपनीयतेचं हमीपत्रही मागतात. शिफारसपत्रात नुसतं 'काम समाधानकारक आहे' असं नको. तुमचं पद, किती काळ सेवेत आहात आणि प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी ड्यूटीतून सोडणार आहेत का, हे त्यात यायला हवं. प्रमाणपत्रावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असेल, तर नावबदलाचा पुरावा पहिल्याच वेळी जोडा. त्रुटीपत्र येईपर्यंत थांबलात, तर तुकडी भरून जाते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अनुभवाचा पुरावा म्हणून जुन्या केसचा रिपोर्ट किंवा त्याचा स्क्रीनशॉट कधीही जोडू नका. नाव खोडलं तरी तारीख, ठिकाण आणि वय यांवरून माणूस ओळखता येतो. अनुभव वरिष्ठांच्या पत्रातून दाखवायचा असतो.

अर्जात ई-मेल स्वतःचाच द्या, स्टेशनचा सामायिक नको. सरावासाठी मिळणारं लॉगिन त्याच पत्त्यावर येतं आणि नोंद कोणी केली हे लॉगिनवरूनच ठरतं. दुसऱ्याच्या लॉगिनने भरलेल्या नोंदीची जबाबदारी त्या दुसऱ्यावर जाते. फाइल वाचता येईल इतकी स्पष्ट स्कॅन करा, अर्ज सबमिट केल्यावर अर्ज क्रमांकासह पोच जपून ठेवा आणि छाननी होईपर्यंत मेल रोज पाहा.

निवड झाली की तयारीला लागा. प्रात्यक्षिकात श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धी आणि मग अंग उघडून पाहणं, हा क्रम पक्का लागतो. त्यातही सगळ्यात जास्त चुकतात ते श्वास मोजण्यात. कामाच्या घाईत छातीकडे न पाहताच '१६' लिहायची सवय लागलेली असते. परीक्षक नेमकं तेच पाहतात. हात मनगटावर ठेवा, नाडी मोजून झाली तरी तो तसाच राहू द्या आणि रुग्णाला न सांगता छातीची हालचाल पूर्ण ३० सेकंद मोजून दुप्पट करा. लय अनियमित असेल तर पूर्ण एक मिनिट. आपण श्वास मोजतोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो.

१९७४ साली मांडलेल्या, रुग्णाची शुद्धी गुणांत मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचंही तसंच. एकूण आकडा ३ ते १५ असतो, पण डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहायचे. 'एकूण १२' एवढंच लिहिलं, तर डोळे मिटलेले होते की बोलणं असंबद्ध होतं, हे पुढच्या डॉक्टरला कळणार कसं? सोबत वेळही हवी. घटनास्थळी १४ गुण आणि त्यानंतर २० मिनिटांनी १२, हा फरक डोक्याला मार लागलेल्या रुग्णात फार मोलाचा असतो.

टॅबवर रिकामा राहिलेला रकाना लाल दिसतो, रिपोर्ट बंद होत नाही आणि पुढचा कॉल वाजत असतो. अशा वेळी हात अंदाजे आकडा भरायला जातो. बहुतेक प्रणालींत 'तपासलं नाही' असा पर्याय आणि कारण लिहायची जागा असते, ती वापरा. 'हात अडकलेला असल्याने रक्तदाब घेता आला नाही' हे वाक्य पूर्ण नोंद आहे. रिपोर्ट सही करून बंद झाल्यावर काही आठवलं, तर जुनी ओळ बदलायची नाही. वेळ टाकून पुरवणी नोंद करायची.