मृदा सूक्ष्मजीव आणि पिकांचे पोषण

मृदा सूक्ष्मजीव आणि पिकांचे पोषण : जमिनीतील जिवाणू, बुरशी, आर्किया (जिवाणूंसारखे पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव), शैवाल, प्रोटोझोआ (एकपेशीय आदिजीव) इत्यादी सूक्ष्मजीवांच्या जीवनक्रियांमुळे अन्नद्रव्यांची रासायनिक रूपे बदलतात आणि ती पिकाच्या मुळांना उपलब्ध होतात किंवा त्यांच्या आवाक्याबाहेर जातात. या परस्परसंबंधाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. पिके नत्र (नायट्रोजन) मुख्यतः अमोनियम व नायट्रेट या रूपांत, स्फुरद (फॉस्फरस) फॉस्फेटच्या आणि गंधक सल्फेटच्या रूपात शोषतात. पण जमिनीच्या वरच्या थरातील ९० टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते. त्यामुळे जमिनीत नत्राचा मोठा साठा असतानाही उभे पीक पिवळे पडू शकते. हा साठा मोकळा करण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी सूक्ष्मजीवांचे आहे.

मात्र सूक्ष्मजीव पिकासाठी राबतात अशी समजूत करून घेतली, तर शेतात दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. ते स्वतःच्या पोटासाठी जगतात आणि बहुतेक जमिनींत त्यांची पहिली भूक कर्बाची (कार्बनची) असते. त्यांना हवे ते घेऊन झाल्यावर जे उरते, किंवा कर्बाच्या मोबदल्यात ते जे देतात, तेच पिकाच्या वाट्याला येते. मुळांमधून शर्करा, सेंद्रिय अम्ले व ॲमिनो अम्ले सतत पाझरत असतात. म्हणून मुळालगतच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची संख्या बाकीच्या मातीच्या कितीतरी पट असते. या पट्ट्याला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले.

कर्ब व नत्राचा हिशोब : सूक्ष्मजीवांच्या शरीरात सरासरी ८ भाग कर्बामागे १ भाग नत्र असते. ८ भाग कर्ब शरीरात बांधायचा तर साधारण १६ भाग श्वसनात, ऊर्जेसाठी जाळावा लागतो. म्हणजे १ भाग नत्रामागे २४ भाग कर्ब असलेला पदार्थ मिळाला, तर त्यांचा हिशोब बरोबर जुळतो. कोवळ्या हिरवळीच्या द्विदल पिकात कर्ब:नत्र गुणोत्तर यापेक्षा कमी असते. ते जमिनीत गाडले की जास्तीचे नत्र अमोनियमच्या रूपाने बाहेर पडते. याला खनिजीकरण म्हणतात. गव्हाच्या काडात हेच गुणोत्तर ८० च्या आसपास असते. असे काड गाडल्यावर सूक्ष्मजीवांना कर्ब मुबलक मिळतो, पण नत्र कमी पडते आणि ते मातीतले तयार अमोनियम व नायट्रेट ओढून घेतात. त्यावर लगेच पेरलेले पीक काही आठवडे पिवळे राहते. अशा वेळी काडाला दोष देऊन ते जाळणे म्हणजे ठेव मोडण्यासारखे आहे. नत्र कुठे गेलेले नसते, सूक्ष्मजीवांच्या शरीरात असते आणि काड कुजत जाऊन त्यांची उपासमार सुरू झाली की ते परत येते.

परत येण्याची आणखी एक वाट आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. प्रोटोझोआ व काही सूत्रकृमी जिवाणूंना खातात. खाणाऱ्याच्या शरीराला जिवाणूइतके नत्र लागत नाही, म्हणून उरलेले नत्र अमोनियमच्या रूपात टाकून दिले जाते. जिवाणूंची सर्वाधिक गर्दी मुळांभोवती असल्यामुळे ही शिकारही तिथेच चालते आणि टाकलेले नत्र नेमके मुळाच्या तोंडाशी येते.

अमोनियम चिकणमातीच्या ऋणभारित कणांना धरून राहते. पुढे नायट्रोसोमोनास व त्यांसारखे जिवाणू, तसेच काही आर्किया त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा हे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. या क्रियेमागील जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये सापडले. नायट्रेट पाण्याबरोबर सहज खाली झिरपते. शेतात पाणी तुंबून हवा संपली, तर काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपाने उडून जाते. त्यात नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायूही असतो. वाफसा असलेल्या जमिनीत हे नुकसान फार कमी होते.

मुळांवरच्या गाठी : हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध कोणत्याही वनस्पतीला तोडता येत नाही. काही जिवाणू व आर्किया नायट्रोजनेज या एंझाइमाने तो तोडतात आणि एका रेणूसाठी एटीपीचे (पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या संयुगाचे) किमान १६ रेणू खर्च करतात. एवढी ऊर्जा द्विदल पीक पुरवते. हेल्रीगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात गाठींचा आणि हवेतील नायट्रोजनच्या स्थिरीकरणाचा (तो वापरण्याजोग्या रूपात बांधण्याचा) संबंध सिद्ध केला. १८८८ मध्ये बेयरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. मुळातून येणारी फ्लॅव्होनॉइडे ही संकेत देणारी रसायने ओळखून रायझोबियम जिवाणू उलट संकेत पाठवतात, मूलरोम वळतो आणि त्याच्या आत तयार झालेल्या नळीवाटे जिवाणू प्रवेश करतात. पुढची अडचण अवघड असते. नायट्रोजनेज ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य ऑक्सिजन धरून ठेवते आणि बेताबेताने पोचवते. म्हणूनच काम करणारी गाठ नखाने चिरली की आतून गुलाबी दिसते. पांढरी गाठ कोवळी किंवा निष्क्रिय असते, हिरवट किंवा तपकिरी गाठ म्हातारी झालेली असते. कडधान्याच्या शेतात उभे राहून करता येण्याजोगी याहून सोपी परीक्षा नाही.

ही देवाणघेवाण भोळी नाही. नत्र न देणाऱ्या गाठींचा ऑक्सिजन सोयाबीनचे झाड कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठी धरण्याचेच टाळते. पोटाशी तयार अन्न असताना ते साखर खर्च करत नाही.

मातीत मुक्तपणे जगणारे ॲझोटोबॅक्टर जिवाणू नत्र स्थिर करतात, पण झाडाकडून थेट साखर मिळत नसल्याने त्यांचा वाटा गाठींच्या तुलनेत अगदी लहान असतो. ॲझोस्पिरिलम या जिवाणूचा फायदा बऱ्याच अंशी मुळांची वाढ करणाऱ्या संप्रेरकांमुळे होतो. भातखाचरात मात्र नील-हरित शैवाल व ॲझोला (पाण्यावर तरंगणारे नेचे) यांचे योगदान खरोखर मोलाचे आहे.

स्फुरद आणि बुरशी : स्फुरदाचा प्रश्न अंतराचा आहे. फॉस्फेट आम्ल जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी, चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियमशी जखडले जाते आणि मातीत अतिशय संथ सरकते. मुळाशेजारचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकर रिता होतो. त्यापलीकडे पोचतात ते मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे मुळापेक्षा कितीतरी बारीक तंतू. ‘मायकोरायझा’ ही संज्ञा आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये वापरली. पिकांत आढळणारा आर्बस्क्युलर प्रकार ४० कोटी वर्षांहून जुन्या वनस्पती-जीवाश्मांतही दिसतो. ही बुरशी स्फुरद व जस्त आणून देते आणि झाडाकडून शर्करा व मेद घेते. मोहरी-कोबीच्या कुळातील आणि पालक-बीटच्या गटातील पिके तिच्याशी नाते जोडत नाहीत. दीर्घकाळ पड ठेवलेल्या किंवा वारंवार नांगरलेल्या जमिनीत तंतूंचे जाळे विरळ होते. तेथे पुढच्या मक्यासारख्या पिकावर स्फुरद-जस्ताची कमतरता दिसू शकते. स्फुरदाची मात्रा वाढवत नेल्यासही झाड बुरशीशी असलेले नाते कमी करते.

बॅसिलस, स्यूडोमोनास, पेनिसिलियम इत्यादी सूक्ष्मजीव सेंद्रिय अम्ले सोडून अविद्राव्य फॉस्फेट विरघळवतात, फॉस्फेटेज एंझाइमे सेंद्रिय स्फुरद मोकळे करतात. येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी : नत्र हवेतून आणता येते, पण स्फुरद कोणताही सूक्ष्मजीव निर्माण करत नाही. ज्या जमिनीत मुळात स्फुरदच नाही, तिथे स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरून उपयोग नाही.

गंधकाचे सल्फेट करणे आणि सिडेरोफोर या रेणूंनी लोह बांधून विद्राव्य ठेवणे हीही सूक्ष्मजीवांची कामे आहेत.

जिवाणू संवर्धके : रायझोबियम संवर्धकाचा (बियाण्याला लावायच्या जिवंत जिवाणूंच्या मिश्रणाचा) लाभ सर्वाधिक दिसतो तो त्या पिकाचे जिवाणू जमिनीत नसतील तेव्हा, उदाहरणार्थ सोयाबीन प्रथमच घेताना. जोडी जुळावी लागते. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. पाकिटात जिवंत जीव असतात, त्यामुळे ऊन व उष्णता त्यांना मारतात. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक सर्वांत शेवटी, आणि बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.